आठवीचा वर्ग, ६२ मुलं आणि मधल्या सुट्टीनंतरचा तास: गोंधळ आवरायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अनुदानित माध्यमिक शाळा, आठवीची तुकडी, पटावर ६२ मुलं. विज्ञानाचा तास मधल्या सुट्टीनंतर लगेच, ३५ मिनिटांचा. त्यातली दहा-बारा मिनिटं वर्ग शांत होण्यातच जातात. मागच्या बाकांवरचे चार-पाच मुलगे सतत बोलतात, मधेच काहीतरी फेकतात आणि वर्ग हसतो. ओरडून झालं, बाहेर उभं करून झालं, मॉनिटरकडून फळ्यावर नावं लिहून घेऊन झालं. एका पालकांनी तर "मॅडम, खुशाल मारा, आमची हरकत नाही" असंही सांगितलं. आता काय करायचं?

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी दर ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक असं प्रमाण दिलं आहे. तुमच्यासमोर जवळजवळ दुप्पट मुलं बसलेली असतात. तेव्हा "यांना वर्ग सांभाळता येत नाही" हा शेरा मनाला लावून घेऊ नका. पण एवढ्या पटातही पुष्कळ काही करता येतं, आणि ते शिक्षा वाढवून होत नाही.

गोंधळाचा मोठा भाग तासाच्या सांध्यांमध्ये तयार होतो. मुलं आत येतात तेव्हा, वह्या काढायच्या असतात तेव्हा, शिक्षक फळ्याकडे तोंड करून आकृती काढतात तेव्हा, ज्यांचं लिहून झालंय ते रिकामे बसतात तेव्हा. जेकब कूनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी वर्गांचं चित्रीकरण करून अभ्यास केला आणि १९७० साली निष्कर्ष मांडले. मुलं गैर वागल्यावर शिक्षक काय करतात, यात चांगले वर्ग आणि विस्कटलेले वर्ग यांच्यात फारसा फरक त्यांना आढळला नाही. फरक होता तो आधीच्या गोष्टींत: शिक्षकाचं सगळ्या वर्गावर लक्ष आहे हे मुलांना जाणवतं का, एका कामातून दुसऱ्या कामात वर्ग अडखळल्याशिवाय जातो का, आणि एकाला प्रश्न विचारला असताना बाकीचे कामात असतात का. मागच्या बाकाकडे आपण शेवटी येऊ. सुरुवात सांध्यांपासून.

पहिले तीन दिवस काहीच बदलू नका, फक्त नोंद करा. पाठाच्या टाचणाच्या मागे ३५ मिनिटांचे सात रकाने आखा, पाच-पाच मिनिटांचे. तास संपल्यावर लगेच, शिक्षक खोलीत जायच्या आधी, कोणत्या रकान्यात वर्ग हातातून सुटला तिथे खूण करा आणि त्या वेळी तुम्ही काय करत होतात ते दोन शब्दांत लिहा: "हजेरी", "फळा", "वह्या वाटप". दिवसभर गोंधळच असतो असं वाटत असलं तरी कागदावर तो बहुधा दोन-तीन रकान्यांतच सापडतो. आधी तेवढेच रकाने दुरुस्त करायचे. सगळं एकदम सुधारायला गेलं की आठवड्यात दमछाक होते आणि मुलांना कळतं की हे चार दिवसांचं आहे.

मधल्या सुट्टीनंतरची पहिली पाच मिनिटं ही तुमची सर्वांत मोठी गळती असणार. मुलं धावून, खेळून, घामाघूम होऊन येतात. निम्म्यांना पाणी प्यायचं असतं, काहींना बाथरूमला जायचं असतं. घंटा झाल्यावर तुम्ही शिक्षक खोलीतून निघालात तर वर्गात पोचेपर्यंत तीन मिनिटं वर्ग बेवारस असतो, आणि तेवढ्यात जो माहोल तयार होतो तो मोडायला दहा मिनिटं लागतात. म्हणून घंटेआधी दोन मिनिटं दारात उभ्या राहा. आत टेबलाशी नको, उंबऱ्यापाशीच, म्हणजे एक डोळा व्हरांड्यात आणि एक वर्गात राहतो. आत येणाऱ्या मुलाला नावाने हाक मारा, "वही काढ, फळ्यावरचं सुरू कर" एवढंच सांगा. दारातच कुणाचा राग, कुणाचं रडवेलं तोंड दिसतं. सुट्टीत भांडण झालेलं असेल तर ते वर्गात फुटण्याआधी कळतं.

फळ्यावर काम तयार हवं. रोज तीन प्रश्न, चार मिनिटं, पुस्तक बंद. पहिला प्रश्न असा की वर्गातल्या सर्वांत कच्च्या मुलालाही जमेल, दुसरा कालच्या पाठावर, तिसरा जरा विचार करायला लावणारा. 'बल व दाब' चालू असेल तर: दाबाचं एकक लिहा, बल आणि क्षेत्रफळ दिलं तर दाब कसा काढाल, सुरीची धार बोथट झाली की भाजी चिरायला जास्त जोर का लावावा लागतो? सुट्टी संपायच्या पाच मिनिटं आधी हे प्रश्न फळ्यावर लिहायची जबाबदारी दोन मुलांकडे द्या आणि दर आठवड्याला जोडी बदला. मागच्या बाकावरच्यांची पाळीही लवकर येऊ द्या. मुलं लिहीत असताना रिकाम्या जागा मोजून हजेरी घ्या. ६२ नावं पुकारत बसलात तर तीन-चार मिनिटं जातात आणि ज्याचं नाव होऊन गेलं तो मोकळा होतो.

ही चार मिनिटं फुकट जातात ती दोन कारणांनी. प्रश्न अवघड असले तर मुलं शेजाऱ्याला विचारतात आणि कुजबुज सुरू होते. आणि उत्तरांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही तर आठवड्याभरात मुलं लिहिणं सोडतात. म्हणून पाचव्या मिनिटाला तिन्ही उत्तरं सांगा, ज्याची त्याने वहीत खूण करावी, आणि रोज १२ वह्या हजेरी क्रमांकाने गोळा करा. आठवडाभरात जवळजवळ सगळा वर्ग नजरेखालून जातो. तासात बसून वह्या तपासू नका. टेबलाभोवती घोळका जमला की उरलेला वर्ग गेलाच.

शांततेची खूण एकच ठरवा आणि ती शिकवा. हात वर करून पाचपासून उलटे आकडे, सावकाश, आवाज न चढवता. "पाच, पेन खाली. चार, तोंड इकडे..." एक म्हणेपर्यंत शांतता नसेल तर बोलू नका, उभ्या राहा, थांबा, ज्या रांगा तयार आहेत त्यांच्याकडे पाहा. सर्वांत मोठी चूक इथे होते: वर्ग बोलत असताना शिक्षक शिकवायला लागतात. त्यातून मुलांना एवढंच कळतं की आपण बोललो तरी तास चालतो. दुसरी चूक म्हणजे "शांत बसा, शांत बसा" हे दर मिनिटाला म्हणणं. दहाव्यांदा ते शब्द पंख्याच्या आवाजात जमा होतात. टाळ्यांचे ठोके, गाण्याची ओळ वगैरे प्राथमिकला छान चालतं. आठवीच्या मुलांना ते बालिश वाटतं आणि मग त्याचीच नक्कल सुरू होते.

ही खूण सोमवारी दहा मिनिटं देऊन सांगा आणि खरोखर सराव करून घ्या: मोकळं बोला, मग खूण, मग शांत. दोनदा, तीनदा. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत हे केलेलं उत्तम, पण दिवाळीच्या सुट्टीनंतरही करता येतं. नव्या सत्राची सुरुवात हा चांगला मुहूर्त असतो. नियम तीनच ठेवा आणि ते काय करायचं या भाषेत असू द्या: एक जण बोलत असताना बाकीचे ऐकतात, घंटेनंतर दोन मिनिटांत लिहायला सुरुवात, कुणाच्याही शरीरावर, जातीवर, घरावर बोलायचं नाही. तिसरा नियम शिक्षकांनाही लागू आहे हे मुलांसमोर सांगा.

आता फळा. पाठमोरं उभं राहून सलग पाच मिनिटं लिहिलं तर कुठलाही वर्ग बोलणारच. फळ्याशी तिरकं उभं राहून दोन-दोन ओळी लिहा, वळा, विचारा, पुन्हा लिहा. मोठी आकृती आदल्या दिवशीच तक्त्यावर काढून आणा, किंवा फळ्यावर एखाद्या मुलीला किंवा मुलाला काढायला द्या आणि तुम्ही बाकांमधून फिरा. फिरणं फार महत्त्वाचं आहे. ६२ मुलांच्या खोलीत बाक बहुधा असे रचलेले असतात की शिक्षकाला शेवटपर्यंत जाताच येत नाही. एक रविवार घालवावा लागला तरी चालेल, पण निदान दोन वाटा मागच्या भिंतीपर्यंत मोकळ्या करा, दप्तरं बाकाखाली जातील असं पाहा. दर पाच-सात मिनिटांनी एकदा तुम्ही मागच्या भिंतीपाशी असायला हव्यात. मागे उभं राहून शिकवा, पाठ वाचून घ्या. मग मागचा बाक मागचा उरत नाही.

प्रश्न विचारायची पद्धतही बदलावी लागेल. "कोण सांगेल?" म्हटलं की तेच सहा हात वर होतात आणि ५६ मुलांना सुट्टी मिळते. "सगळे सांगा" म्हटलं की कोरस होतो, आणि त्या गजरात वाटेल ते बोलता येतं. आधी प्रश्न विचारा, मग थांबा, मग नाव घ्या. नाव आधी घेतलं तर बाकीचे सुटतात. हे थांबणं किती? मेरी बड रो या संशोधिकेला असं आढळलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंदांहून जास्त थांबल्यावर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली. मनातल्या मनात पाच अंक मोजा. पहिल्यांदा ती शांतता अवघड वाटते. हजेरी क्रमांकांच्या चिठ्ठ्या एका डब्यात ठेवल्या तर "मॅडम मलाच का विचारता" हा वादही मिटतो, पण वापरलेली चिठ्ठी परत डब्यातच टाका, नाहीतर विचारून झालेला मुलगा निर्धास्त होतो.

एवढं झाल्यावर उरतील ती खरी चार-पाच मुलं. त्यांच्याबाबतीत जे करू नये ते आधी सांगते, कारण शाळाशाळांतून तेच सर्रास चालतं.

मॉनिटरने फळ्यावर नावं लिहिणं बंद करा. तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात आपण शिक्षेचा अधिकार देतो; मित्राचं नाव गळतं, भांडण झालेल्याचं येतं, आणि ज्याचं नाव एकदा लागलं त्याला पुढे गप्प बसायचं कारणच उरत नाही. मॉनिटरला कामं द्या: वह्या, खिडक्या, प्रयोगाचं साहित्य. बाहेर उभं करणंही सोडा. ज्याला विज्ञान समजत नाही त्याच्यासाठी बाहेर उभं राहणं ही सुटका आहे. तो उद्या तीच सुटका पुन्हा मिळवेल. शिवाय तुमच्या तासाला मूल व्हरांड्यात असलं तरी जबाबदारी तुमचीच. पाच जणांसाठी साऱ्या वर्गाला शिक्षा केली तर शांत बसणारी सत्तावन्न मुलं तुमच्या बाजूने होती, तीही जातात. "दहा वेळा लिहून आण" मुळे लिहिणं हीच शिक्षा ठरते, आणि वर्षभर त्याच मुलांकडून आपल्याला लिहूनच घ्यायचं असतं.

आणि मारण्याबद्दल. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे, आणि तसं करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. पालकांनी तोंडी परवानगी दिली किंवा अगदी लिहून दिलं, तरी तिला काही अर्थ नाही. "बापासारखाच होणार", "तुमच्या वस्तीतली सगळी अशीच" असली वाक्यंही छळातच मोडतात, आणि छडीपेक्षा ती जास्त दिवस टिकतात. त्या पालकांना शांतपणे सांगा: "मारणार नाही, पण मला तुमची मदत हवी आहे," आणि मदत म्हणजे काय ते नेमकं सांगा.

मग वर्गात त्या क्षणी करायचं काय? सर्वांत छोट्या उपायापासून सुरुवात. आधी नुसती नजर. मग बोलत-शिकवत त्याच्या बाकापाशी जाऊन उभं राहणं. मग त्याच्या वहीवर बोट. मग खाली वाकून, फक्त त्यालाच ऐकू जाईल अशी दोन वाक्यं: "पान उघड, पहिलं उदाहरण कर. दोन मिनिटांनी बघते." आणि लगेच तिथून निघून जा. हे निघून जाणं विसरू नका. तुम्ही समोर उभ्या राहिलात तर त्याला मित्रांसमोर माघार घ्यावी लागते, आणि आठवीतला मुलगा ती घेणार नाही. तुम्ही गेलात की दहा सेकंदांनी, जरा कुरकुरत, तो पान उघडतो. ती कुरकुर, तो उसासा, पान जोरात उलटणं, याकडे दुर्लक्ष करा. बहुतेक भांडणं इथेच पेटतात: मूळ मुद्दा पान उघडण्याचा असतो, तो बाजूला राहतो आणि "काय पुटपुटलास? पुन्हा बोल!" यावर दहा मिनिटं जातात. पान उघडलं गेलं ना, तेवढं पुरे. दोन मिनिटांनी मात्र खरंच परत जा.

वाद घालायला लागला तर: "तास संपल्यावर दोन मिनिटं थांब, तेव्हा बोलू." तेव्हा बाकीच्यांना आधी जाऊ द्या, दार उघडं ठेवा, काय पाहिलं ते सांगा, त्याचं ऐका, उद्या काय वेगळं करायचं ते त्याच्याकडून एका वाक्यात काढून घ्या. दोन मिनिटं म्हणजे दोनच. भाषण नको.

जागा बदलायच्या असतील तर पाचही जणांना उचलून पहिल्या बाकावर आणू नका. मग त्यांच्या पाठीमागे सत्तावन्न प्रेक्षक मिळतात. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत, वाटेच्या कडेला, एकमेकांपासून दोन बाक लांब, अशी जागा बरी. हे एकट्यांना लागू न करता पंधरा दिवसांनी साऱ्या वर्गाच्या जागा फिरवा. चष्मा लागलेल्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या मुलांची जागा तेवढी पुढे पक्की ठेवा. मुलींमध्ये नेऊन बसवणं ही शिक्षा म्हणून वापरू नका. मुलींचा त्यात अपमान आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं काम, आणि इथे घाई करू नका. त्या प्रत्येक मुलामागे कारण शोधा. दोन आठवडे नोंद ठेवा: तारीख, तास, लगेच आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. आठ-दहा नोंदी झाल्या की एकाच प्रकारच्या ओळी पुन्हा पुन्हा दिसू लागतात. एक जण फक्त वाचायला सांगितल्यावर विनोद करतो, आणि विनोदानंतर त्याचं वाचन टळतं. दुसरा कामात चांगला आहे, पण दहा मिनिटांत संपवतो आणि मग रिकामा असतो. तिसरा फक्त वर्ग हसला की पुन्हा करतो. चौथा सोमवारी आणि गुरुवारी पेंगतो, चिडतो. घरी विचारलं तर पहाटे दुधाच्या किंवा पेपरच्या लाइनवर जातो हे कळतं. चौघांचं वागणं तक्रारवहीत एकाच शब्दात येतं, "दंगा". उपाय मात्र चार.

पहिल्या मुलाला एकट्याला बोलावून पाचवीच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला द्या. सहज, कुणासमोर नाही. आठवीत पोचलेली कितीतरी मुलं जोडाक्षरांवर अडखळतात, आणि ते झाकायला विनोद हे सोपं पांघरूण असतं. अडखळला तर हा शिस्तीचा प्रश्नच नाही. त्याला वर्गात अचानक मोठ्याने वाचायला सांगू नका. आकृतीला नावं देणं, प्रयोग मांडणं, तोंडी उत्तर असं काम द्या, आणि वाचनासाठी मराठीच्या शिक्षकांशी बोलून रोजची पंधरा मिनिटं मिळवा. अडचण फार जुनी आणि चिवट असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करायला पालकांना सुचवा. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलती मिळतात. दुसऱ्याला जादा, पण तेच ते नसलेलं काम हवं. तिसऱ्याला प्रेक्षक हवेत. त्याला आठवड्यातून एकदा तीन मिनिटं समोर येऊन प्रयोग करून दाखवायला द्या. चौथ्याशी आधी बोला.

कौतुक करताना आठवीचं वय लक्षात घ्या. भर वर्गात "बघा, आज हा किती शहाणा" म्हटलं तर मित्र त्याला दिवसभर चिडवतात आणि उद्या तो मुद्दाम बिघडतो. वही परत देताना हळूच सांगा: "तिसऱ्या प्रश्नात क्षेत्रफळाचा मुद्दा बरोबर पकडलास." नेमकं, खरं, आणि त्याच्यापुरतं.

पालकांना पहिला फोन तक्रारीचा नसावा. आठवड्यात एखादी बरी गोष्ट घडली की मिनिटभराचा फोन करा. नंतर अडचण सांगताना समोरचा माणूस ऐकायला तयार असतो. रोजंदारीवर जाणाऱ्या पालकांना दिवसा शाळेत बोलावलं तर त्यांची मजुरी बुडते, आणि त्याचा राग संध्याकाळी मुलाच्या पाठीवर निघतो. संध्याकाळी सात नंतर फोनवर बोला, आणि "याबद्दल त्याला मारू नका" हे वाक्य स्पष्ट म्हणा. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुठल्याही मुलाचं नाव टाकू नका.

काही गोष्टी वर्गात मिटवायच्या नसतातच. मारामारी पेटली तर मध्ये पडू नका. दोघांची नावं घेऊन मोठ्याने, छोट्या वाक्यांत सांगा, बाकीच्यांना बाहेर काढा, मदत बोलवायला त्यांतल्या दोघांना शिक्षक खोलीत धाडा. एकाच मुलाला सतत छळणं, हत्यार, मोबाइलवरचे व्हिडिओ, स्वतःला इजा करणं यांची त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे लेखी नोंद हवी. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, शाळेची अब्रू वगैरे विचार तिथे येतच नाही. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ हा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवा.

नवीन पद्धत सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात गोंधळ वाढेल. मुलं ताणून पाहतात, हे खरंच टिकणार का म्हणून. बहुतेक शिक्षक इथेच सोडून देतात आणि पुन्हा ओरडू लागतात. तीन-चार आठवडे धरून ठेवा, मग तोच सात रकान्यांचा कागद पुन्हा भरा. सुरुवातीचे रकाने सुधारले आणि मधले नाही, तर खोट शिस्तीत नाही, पाठात आहे: एकच काम फार लांबलंय किंवा अवघड आहे. पंधरा मिनिटांहून जास्त वेळ एकच प्रकारचं काम ठेवू नका.

शक्य असेल तर वर्गशिक्षक आणि त्या तुकडीवर जाणारे इतर शिक्षक यांना वीस मिनिटं एकत्र बसवा आणि खूण व तीन नियम सगळ्यांचे सारखे करा. सगळे तयार होणार नाहीत; दोघे झाले तरी फरक पडतो. ऑफ तासांची सोयही तेव्हाच करा, कारण आठवड्यात जमवलेली घडी एका बदली तासात विस्कटते. वर्गाच्या कपाटात एक पाकीट ठेवा: ३५ मिनिटांची पाच कामं, प्रत्येकाच्या ६५ प्रती, सूचना इतक्या सोप्या की कुठल्याही विषयाच्या शिक्षकाला ती वाटून देता येतील. त्यातली वापरलेली कामं दर शनिवारी भरून ठेवायची जबाबदारी मॉनिटरकडे द्या.